टेबलावर छत्री उघडी असताना

साहेब दिसला की फौजीचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे. डोकं अजून विचार करत असायचं, तोवर टाचा जुळलेल्या असायच्या. सोळा वर्षं पलटणीत काढलेला माणूस, त्याचं एक वेळ समजू शकतं. पण पलटण सोडून त्याला अकरा वर्षं झाली होती. आता तो लष्कराच्या डेपोत मुलकी कामगार होता, पॅराशूटचे पट्टे शिवायच्या मशीनवर बसायचा, आणि वर मुलकी कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरी होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते याच्याकडे बघूनच म्हणत असावेत.

सेक्रेटरीला ही खोड शोभत नाही, हे त्यालाही कळत होतं. या डेपोत बसण्याला फार किंमत होती. पूर्वी कामगारांचे प्रतिनिधी साहेबाच्या टेबलापुढे रांगेत उभे राहून गाऱ्हाणी सांगायचे. युनियनचे पहिले सेक्रेटरी, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, त्यांनी एक दिवस कामाच्या हॉलमधलं लाकडी स्टूल काखोटीला मारलं, साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि त्यावर बसून बोलायला सुरुवात केली. त्या बसण्यापायी मास्तर सहा महिने निलंबित होते. पण तेव्हापासून रीत पडली ती पडली. बैठकीच्या खोलीत कामगारांची बाजू आधी बसणार, आणि साहेब आत आले तरी उठणार नाही. मास्तर जाऊनही बरीच वर्षं झाली. स्टूल अजून युनियनच्या खोलीत होतं. त्यावर कोणी बसत नसे, फायली ठेवत.

मग असल्या उठबशा माणसाला सेक्रेटरी केलं कुणी? तर ताईनं.

ताई म्हणजे पॅकिंग हॉलमधली सगळ्यात जुनी कामगार. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर छत्र्या बांधत होती. पॅराशूटला तिथे कोणी पॅराशूट म्हणत नाही, छत्रीच म्हणतात. चार वर्षांपूर्वी निवडणुकीच्या सभेत ताई उठली आणि म्हणाली, "याला साहेबांची भाषा कळते. आपल्याला कळणारा माणूस पाहिजे. आता साहेब आला की हा उठतो, तर उठू दे. मी शेजारी बसेन आणि शर्ट ओढून खाली बसवीन." सभा हसली आणि फौजी निवडून आला. ताईही समितीवर होती. पहिलं वर्षभर तिनं खरोखर त्याच्या शर्टाची मागची कड धरून ठेवली. साहेब आत आले की हा उठायला जायचा, ती ओढायची, हा परत बसायचा. दोन शर्टांची शिवण उसवली. बायकोनं विचारलं, "युनियनमध्ये मारामाऱ्या करता की काय?" हे काय सांगायचं?

सगळं बरं चाललं होतं. मग नवे कर्नल डेपोचे प्रमुख म्हणून आले.

आता यात कर्नलसाहेबांचा स्वभाव वाईट होता असं म्हणायची सोय नाही. माणूस हसरा, बोलायला गोड. वीस वर्षांपूर्वी ते कोवळे कॅप्टन असताना विमानातून पहिली उडी मारायला उभे राहिले, तेव्हा दाराची कड त्यांना सोडवेना. उडी शिकवायला फौजी होता. तो एवढंच म्हणाला होता, "साहेब, खाली बघू नका, माझ्याकडे बघा." तेव्हापासून ते त्याला उस्ताद म्हणत. डेपोत आल्या दिवशी, सगळा कामगारवर्ग मैदानात उभा असताना, कर्नल रांग सोडून थेट त्याच्यापाशी आले, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "उस्ताद, तू इथे?"

त्यानंतर महिनाभर फौजीचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी जेवताना तोच विषय. बायको म्हणाली, "हात धुतलात ना, की अजून तसाच ठेवलाय?"

सहा महिन्यांनी कर्नलनी त्याला बोलावलं. बैठकीच्या खोलीत नाही, स्वतःच्या ऑफिसात. शेजारी ताई नव्हती. टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या आणि कर्नल "बस" असंही म्हणाले होते. फौजी उभाच राहिला.

"मोठा सराव आहे, उस्ताद. दहा दिवसांवर आलाय," कर्नल म्हणाले. "छत्र्या कमी पडतायत. प्रत्येक टेबलावर दिवसाला सात होतात, मला दहा पाहिजेत. दोनच आठवडे."

"सातच्या वर करायच्या नाहीत असं ठरलंय, साहेब. बैठकीत ठरलंय," फौजी म्हणाला. म्हणाला म्हणजे पुटपुटला.

"माहीत आहे ना. पण समितीपुढे न्यायचं म्हणजे तीन आठवडे चर्चा. आणि कागद काढला की तो वर जातो, वरचे शंभर प्रश्न विचारतात. तू सांगितलंस तर लोक ऐकतील. मला वरून काय दाब आहे तुला कल्पना नाही. माझ्याकडे बघ, उस्ताद."

शेवटचं वाक्य त्यांनी हसून म्हटलं. फौजीला विमानाचं दार आठवलं. "होईल, साहेब," तो म्हणाला.

बस्स. समिती नाही, सभा नाही, ताईला विचारणं नाही. एकशे साठ माणसांच्या वतीनं हा गडी एकटा हो म्हणून मोकळा झाला, आणि वर छाती फुगवून बाहेर पडला. बाहेर पडला तो तडक पॅकिंग हॉलमध्ये गेला.

त्या हॉलचा एक नियम होता, तो इथे सांगायला हवा. बारा लांबलचक टेबलं. टेबलावर छत्री पूर्ण लांबीनं पसरायची. एकेक दोरी मोजत कापड उलटत जायचं, अशा अठ्ठावीस दोऱ्या. घड्या हलू नयेत म्हणून त्यावर शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या ठेवायच्या. मग दोऱ्या नागमोडी करून रबरी कड्यांत अडकवायच्या, सगळं पिशवीत भरायचं, हत्यारं ट्रेमध्ये मोजून परत ठेवायची आणि कार्डावर सही करायची. तपासनीस येऊन बघतो, पण तो सुरुवातीला आणि शेवटी. मधलं सगळं पॅकरच्या बोटांवर आणि तिच्या मोजणीवर. म्हणून टेबलावर छत्री उघडी असताना पॅकरशी कोणी बोलायचं नाही. साहेबानंही नाही. पाहुणे आले तर दाराशी थांबतात. आणि बोललंच कोणी, तर पॅकरनं केलेलं सगळं मोडायचं आणि पहिल्या दोरीपासून परत सुरू करायचं. भिंतीवर तशी पाटी होती. पाटी नसती तरी चाललं असतं, तिथल्या झाडूवाल्यालाही नियम पाठ होता.

फौजी ताईच्या टेबलापाशी गेला. तिची सहावी छत्री उघडी होती. ओठ हलत होते, मोजणी चालली होती. आणि हा, ज्यानं सोळा वर्षं याच छत्र्यांवर जीव टाकून उड्या मारल्या होत्या, तो उचलली जीभ लावली टाळ्याला असा बोलून गेला.

"ताई, उद्यापासून दहा करायच्या. दोन आठवडे फक्त. आजपासूनच हात उचला. कर्नलसाहेबांशी बोललोय मी."

ताईचे हात थांबले. तिनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, मग छत्रीकडे. आणि तिनं मोजणी पुढे सुरू केली. फौजी पुढच्या टेबलाकडे निघून गेला. तिनं छत्री मोडली नाही, हे चालता चालता त्यानं बघितलं होतं. बघून तो काही बोलला नाही.

सरावाच्या चौथ्या दिवशी एका जवानाची छत्री नीट उघडली नाही. एक दोरी कापडाच्या वरून गेली होती, त्यामुळे छत्रीचे दोन तुकडे दिसायला लागले, अर्धी हवा इकडे, अर्धी तिकडे. राखीव छत्री त्यानं उघडली, पण जमीन जवळ आली होती. पोरगा वाचला. मांडीचं हाड आणि कंबर मोडली. डॉक्टर म्हणाले चालेल, उडी मात्र आता कधी नाही.

कार्ड काढलं गेलं. सही ताईची. वार मंगळवार, छत्री सहावी.

चौकशी लागली. मुख्यालयातून एक चौकशी अधिकारी आले, चष्मेवाले, हळू बोलणारे. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ताई बडतर्फ होणार होती. निवृत्तीला सोळा महिने राहिले होते. पण तिला ते तितकं लागलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या सह्या एका कार्डानं खोट्या ठरणार, हे तिला लागलं होतं. नियमाप्रमाणे तिला आपल्या बाजूनं बोलायला एक माणूस नेता येत होता. तिनं अर्जावर फौजीचं नाव लिहिलं.

चौकशी बैठकीच्याच खोलीत होती. फौजी आणि ताई आधी जाऊन बसले, रीतीप्रमाणे.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही किती छत्र्या बांधल्या?"

"आठ. दुसऱ्या दिवसापासून दहा," ताई म्हणाली.

"मर्यादा सातची आहे. जास्त करायला कुणी सांगितलं?"

"वरून आलं होतं."

"कुणी आणलं?"

ताईनं टेबलाची कड नखानं दाबून धरली. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ही छत्री बांधताना तुमच्याशी कोणी बोललं का?"

फौजी टेबलाच्या लाकडावरची एक रेघ बघत होता. त्या रेघेवर त्याचं आयुष्य लिहिलेलं असल्यासारखा बघत होता. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, हे त्याला न बघताही कळलं. तिनं वाट पाहिली. चांगली दोन-तीन श्वास वाट पाहिली. मग म्हणाली, "नाही."

तिथे त्याला बोलता आलं असतं. त्याची जागा तिच्या शेजारीच होती आणि तो तिच्याच बाजूनं बोलायला आला होता. पण जी जीभ हॉलमध्ये नको तेव्हा सुटली, तिला आता कुलूप लागलं होतं.

मग कर्नलना बोलावलं. दार उघडल्याबरोबर फौजी उठायला लागला. मागून शर्ट ओढला गेला. ताईच ती. एवढ्यातही तिचा हात सवयीनं तिथे गेला होता. फौजी बसला.

कर्नल शांतपणे म्हणाले, "दहाचा कुठलाही हुकूम मी दिलेला नाही. दिला असता तर कागद असता. रजिस्टर मी रोज बघत नाही. कामगारांना लवकर उरकायची घाई असेल, मी काय सांगू? आणि एक साधी गोष्ट बघा. मी असा हुकूम दिला असता, तर युनियन गप्प बसली असती का? सेक्रेटरी समोरच आहेत. त्यांनाच विचारा." मग ते वळले. "उस्ताद, मी कधी दहा म्हटलं होतं?"

फौजी उभा राहिला. ताईनं शर्ट ओढला. जोरात ओढला. तरी तो उभाच होता, टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "असा हुकूम नव्हता."

शर्टावरचा हात सुटला.

बाहेर आल्यावर कर्नलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सगळं निभावून नेऊ आपण." याच हाताचं त्यानं महिनाभर कौतुक केलं होतं. आता तो खांद्यावरून झटकून टाकावा असं वाटत होतं, आणि तेही त्यानं केलं नाही.

घरी गेला तर बायकोनं तोंडाकडे बघूनच ओळखलं. त्यानं सगळं सांगितलं. आधी छत्रीपाशी बोलल्याचं सांगितलं, मग आजचं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. सगळं झाल्यावर म्हणाली, "आणि ती बाई तुमचं नाव घेत नाहीये."

"नाही घेतलं."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. तो चपला घालून निघाला.

ताईचं घर डेपोच्या मागच्याच गल्लीत होतं. दार उघडं होतं. ताई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, चादरीच्या कडा नखानं दाबून, हॉलमध्ये दाबायची तशाच. तिनं बस म्हटलं नाही, तो दाराशीच थांबला.

"हॉस्पिटलात जाऊन आले मी त्या पोराकडे," ती म्हणाली. "मीच बांधली होती म्हणून सांगितलं. म्हणाला, मावशी, पहिल्या अकरा उड्या नीट झाल्या, त्या छत्र्याही तुमच्यातल्याच कुणीतरी बांधल्या होत्या ना."

"ताई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"मीच नाही, कुणीच नाही घेतलं. बाराही टेबलांना सांगून ठेवलं होतं मी. फौजीचं नाव आपल्या तोंडून यायला नको. सेक्रेटरी आहे तो. त्याचं तो सांगेल." तिनं एक घडी उलटी करून परत घातली. "तुझं तू सांगशील असं वाटलं होतं, बाबा."

फौजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात ते सगळं खरं असतं, फक्त जमीन तेवढी ऐकत नाही. तो म्हणाला, "उद्या जबाब वाचून दाखवतात. सही करायच्या आधी दुरुस्ती सांगता येते."

"येते ना," ताई म्हणाली. "मलाही माझं सांगायचंय. मी ती छत्री मोडायला हवी होती. सव्वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. तू दहा म्हणालास, आणि मला वाटलं आता मोडत बसले तर कधी होणार. चूक माझीही आहे. ती मी कुणावर ढकलणार नाही." मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "पण तू उभा का राहिलास? मी धरलं होतं ना."

खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. माणसानं दोन्ही हातांनी आपला हात धरला, चारचौघांत उस्ताद म्हटलं, तेवढ्यावर आपण विकलो गेलो, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तो तसाच परत फिरला.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. आज काही झालं तरी उठायचं नाही, बसून बोलायचं, मास्तरांसारखं, असं त्यानं रस्त्यानं येताना शंभरदा घोकलं होतं. कर्नल आत आले. तो बसून राहिला.

अधिकाऱ्यांनी त्याचा जबाब वाचून दाखवला. "बरोबर असेल तर सही करा."

"दुरुस्ती आहे," फौजी म्हणाला.

कर्नल हळूच म्हणाले, "उस्ताद, नीट आठवून बोला."

आणि गुडघे सरळ झाले. खुर्ची मागे सरकली, टाचा जुळल्या. त्यानं वाट पाहिली शर्ट ओढला जायची. या वेळी कोणी ओढला नाही. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली होती.

तर खरं तो बोलला, पण उभ्यानं, हजेरीला जबाब द्यावा तसा. "कर्नलसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून दहा छत्र्या करायला सांगितलं. कागद नको म्हणाले. मी समितीला विचारलं नाही. मी हो म्हणालो. तो निरोप मीच हॉलमध्ये नेला. ताईंच्या टेबलावर सहावी छत्री उघडी होती. त्या मोजत होत्या. मी त्यांच्याशी बोललो. त्यांनी मोडून पुन्हा बांधली नाही, हे मी बघितलं आणि गप्प राहिलो. काल इथे मी खोटं बोललो."

कर्नल खिडकीबाहेर बघत होते. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं, मग ताईकडे वळले. "ते बोलल्यावर तुम्ही छत्री मोडली का नाही?"

"दहा करायच्या होत्या," ताई म्हणाली. तिनं दुसरं काही जोडलं नाही.

निकाल महिन्याभरानं आला. ताईला लेखी ताकीद, नोकरी शाबूत. सातची मर्यादा पाटीवर रंगवून लावायचा हुकूम. कर्नलची बदली झाली, त्यातली शिक्षा किती आणि बढती किती हे देव जाणे, कारण ते गेले ते मोठ्या ऑफिसात गेले. फौजीला सरकारकडून ठपका आला. तो त्यानं मुकाट्यानं घेतला. त्याच्या मनात एक वेडी आशा होती, ती मात्र सांगितलीच पाहिजे. त्याला वाटत होतं, शेवटी आपण खरं बोललो ना, नोकरी वाचवली ना ताईची, तेव्हा लोक म्हणतील, जाऊ दे, माणूस आहे. लाज वाटलेल्या माणसाला स्वतःची लाजसुद्धा थोडी मोठेपणाची वाटायला लागते.

युनियनची सभा भरली. अध्यक्षांनी दोन मुद्दे वाचले. समितीला न विचारता शब्द दिला, आणि चौकशीत कामगाराविरुद्ध खोटं बोलला. मागून कोणीतरी म्हणालं, "नंतर खरं बोलला की." दुसरा म्हणाला, "रात्रभर विचार करून बोलला." लोक हसले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "सेक्रेटरीला काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

माणसं एकमेकांकडे बघत होती. जुना माणूस, कामाचा माणूस, पहिला हात कुणाचा, असा तो पेच होता.

पहिला हात ताईचा वर गेला. पूर्ण वर, कोपरात न वाकलेला. मग बाकीचे गेले. फौजीनं मोजले नाहीत.

सभा संपल्यावर त्यानं युनियनच्या खोलीची किल्ली मास्तरांच्या स्टुलावर, फायलींवर ठेवली. ताई दाराशीच होती. तो तिच्याकडे बघू शकला नाही, पण तिनं हाक मारली.

"फौजी, माझी नोकरी वाचली ती तुझ्यामुळे. ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण आता पुढच्या बाईच्या शेजारी तू बसलेला मला चालणार नाही." आणि ती गेली.

त्यालाही आता काही आठवडे झाले. फौजी रोज आपल्या मशीनवर बसतो, पट्टे शिवतो. मशीनच्या खोलीत जायचा रस्ता पॅकिंग हॉलमधूनच आहे, दुसरा नाही. त्याला ताईला एक वाक्य सांगायचं आहे. काय, ते त्याचं पाठ आहे, बायकोपुढे म्हणूनही झालंय. माफ करा, एवढंच नाही ते, आणखी थोडं आहे.

परवा तो तिच्या टेबलापाशी थांबला. छत्री उघडी होती. ताईचे ओठ हलत होते, बोटं एकेक दोरी उचलत होती. फौजी हात बांधून उभा राहिला. तिनं घड्या घातल्या, कड्या लावल्या, पिशवी भरली, हत्यारं मोजून ट्रेमध्ये ठेवली, कार्डावर सही केली. तो आहे हे तिला माहीत होतं, कारण ट्रे सरकवताना तिनं तो त्याच्या हातापासून जरा लांब ठेवला. फौजीनं तोंड उघडलं.

ताईनं मान वर न करता पुढची छत्री ओढली आणि टेबलावर पसरली.

ती दिवसातली तिसरी होती. अजून चार बाकी होत्या. फौजीनं तोंड मिटलं आणि आवाज न करता तो आपल्या मशीनवर जाऊन बसला.